उद्यमनगरातले एक वर्कशॉप आणि माझ्या ऑक्टाव्हियाचा ब्लॉक

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात एका गल्लीच्या टोकाला असलेल्या लहान वर्कशॉपकडून मी गेल्या वर्षी स्कोडा ऑक्टाव्हियाच्या १.८ लिटर टर्बो पेट्रोल इंजिनाचा ब्लॉक, म्हणजे ज्यात सिलिंडर असतात तो मुख्य सांगाडा, ड्रॅग रेसिंगसाठी, म्हणजे सरळ रेषेतल्या कमी अंतराच्या शर्यतींसाठी, तयार करून घेतला, आणि एक संपूर्ण हंगाम तो वापरून झाल्यावर हे परीक्षण लिहीत आहे. वर्कशॉपचे नाव देत नाही, कारण मालकांनीच तशी विनंती केली आहे. उसाचा हंगाम सुरू झाला की ट्रॅक्टर आणि ट्रकची इंजिने त्यांच्या दारात रांग लावतात, आणि त्यात ‘रेसिंगवाले’ गिऱ्हाईक वाढले तर त्या रांगेला तोंड देणे अवघड होईल, असे त्यांचे म्हणणे. तरीही लिहावेसे वाटले, कारण आपल्याकडे ब्लॉकच्या मशिनिंगबद्दल जे बोलले जाते ते बहुतेक वेळा ‘अमक्याकडे मशीन चांगले आहे’ एवढ्यावर थांबते, आणि माझा स्वतःचा एक ब्लॉक अशाच एका चांगल्या मशीनवर वाया गेलेला आहे.

आधी इंजिनाविषयी. बोअर (सिलिंडरचा व्यास) ८१ मिमी, स्ट्रोक (पिस्टनची वरखाली धाव) ८६.४ मिमी, क्षमता १७८१ घनसेंमी, क्रँकशाफ्ट पेलणारी पाच मेन बेअरिंगे आणि बिडाचा ब्लॉक, अशी त्याची मूळ मापे. फोक्सवॅगन समूहाने हे इंजिन आपल्या अनेक गाड्यांत वर्षानुवर्षे वापरले, त्यामुळे भंगारातून जुना ब्लॉक मिळवणे आजही फारसे कठीण जात नाही. कंपनीतून ते १५० अश्वशक्ती घेऊन आले होते. मला त्यातून ४५०च्या आसपास काढायची होती आणि तीही ४०२ मीटर, म्हणजे पाव मैल, इतक्याच अंतरासाठी. लोणावळ्याजवळच्या अ‍ॅम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर हे अंतर कापायला अशा गाडीला बारा सेकंदांच्या आसपास वेळ लागतो. बारा सेकंद म्हटले की ऐकणाऱ्याला ते किरकोळ वाटतात. परंतु सिलिंडरातला दाब शंभर बारला पोहोचला तर ८२.५ मिमी व्यासाच्या पिस्टनवर जवळजवळ साडेपाच टनांचा भार येतो, आणि तो भार हेडला (सिलिंडरांवरच्या झाकणाला) वर उचलू पाहतो, मेन कॅपला (मेन बेअरिंगे खालून धरणाऱ्या तुकड्यांना) खाली ढकलतो आणि पिस्टनला सिलिंडरच्या एका भिंतीवर दाबतो. गाडी उभी असताना ब्लॉकचा जो आकार असतो तो त्या क्षणी राहत नाही. ब्लॉक ‘तयार करणे’ म्हणजे हा बदल आधीच ओळखून, ब्लॉक ज्या अवस्थेत धावणार आहे त्या अवस्थेत त्याला आणून मगच धातू काढणे. मला हे पहिला ब्लॉक गमावल्यावर समजले.

तो पहिला ब्लॉक मी पुण्याजवळच्या एका मोठ्या आणि अत्यंत स्वच्छ ठिकाणी दिला होता. मशीन परदेशी होते, माणसे नम्र होती, बिल छापील होते. त्यांनी ८२ मिमीपर्यंत बोअर केले, होनिंग (दगडांनी बारीक घासून शेवटचे माप आणणे) केले आणि चारही सिलिंडर उत्तम गोल असल्याचा कागद दिला. तो कागद खोटा नव्हता. मात्र माप घेताना ब्लॉक मोकळा होता, त्यावर हेड नव्हते आणि हेडचे दहा बोल्ट ताणलेले नव्हते. नऊ धावांनंतर एक्झॉस्टमधून निळसर धूर येऊ लागला, लीक-डाउन चाचणीत, म्हणजे सिलिंडरात दाबाने हवा भरून किती निसटते ते पाहिल्यावर, दुसऱ्या सिलिंडरची गळती १८ टक्के आणि तिसऱ्याची २२ टक्के भरली. उघडून पाहिले तेव्हा सिलिंडरच्या वरच्या भागात, बरोबर हेड बोल्टच्या रेषेत, चार ठिकाणी घासून चकाकलेले पट्टे होते आणि त्यांच्या मधल्या जागेत होनिंगच्या रेघा जशाच्या तशा शाबूत होत्या. पिस्टनची रिंग त्या मधल्या जागेला कधी टेकलीच नव्हती. हेड आवळल्यावर गोल सिलिंडर चौकोनाकडे झुकला होता, आणि माझे साडेतीन महिने आणि पिस्टनचा एक संच त्या चौकोनाच्या कोपऱ्यांतून निघून गेला.

उद्यमनगरातला पत्ता मला एका फाउंड्रीवाल्या मित्राने दिला. ओतकाम आणि ऑइल इंजिने यांवर कोल्हापूरच्या तीन पिढ्या जगल्या आहेत, आणि बीड म्हणजे काय हे तिथल्या माणसाला शिकवावे लागत नाही. वर्कशॉप साधारण तीन ट्रक उभे राहतील एवढे. दाराशी ट्रॅक्टरचे ब्लॉक, आत एक उभे बोअरिंग मशीन, एक होनिंग मशीन, डेक (ब्लॉकचा वरचा पृष्ठभाग, ज्यावर हेड बसते) घासण्यासाठी मिलिंग मशीन, दोन लेथ आणि एका कोपऱ्यात काचेचे दार लावलेली छोटी खोली, जिच्यात मायक्रोमीटर, बोअर गेज आणि ते गेज जुळवायच्या सेटिंग रिंगा ठेवलेल्या असतात. मालक साठीचे आहेत. सगळे त्यांना मेस्त्री म्हणतात, म्हणून मीही तसेच म्हणतो. मी ब्लॉक घेऊन गेलो तेव्हा त्यांनी तो उतरवूनही घेतला नाही. “पिस्टन कुठायत? बेअरिंगं, स्टड, गॅस्केट?” मी म्हटले, ते सर्व मागवले आहे, तोपर्यंत बोअर करून ठेवू. त्यावर त्यांचे उत्तर असे: “पिस्टन आल्याबिगर बोअरला हात लावणार न्हाई, सायेब. मी काय भिंत रंगवतोय व्हय?” माझा ब्लॉक त्या दिवशी गाडीतच परत आला.

या एका नकारासाठी मी त्यांना निम्मे गुण देईन. बनावट पिस्टनचा प्रश्न बाजूला ठेवला तरी, चांगल्या कंपनीच्या फोर्ज्ड पिस्टनवर ‘८२.५’ असे छापलेले असले तरी स्कर्टचे, म्हणजे पिस्टनच्या खालच्या कडेचे, माप तेवढे नसते. बोअर आणि पिस्टन यांमधली फट त्यातच धरलेली असते. माझे पिस्टन २६१८ मिश्रधातूचे आहेत. या मिश्रधातूत सिलिकॉन नगण्य असते, त्यामुळे तो आघात चांगला सोसतो, परंतु तापल्यावर ४०३२सारख्या जास्त सिलिकॉनच्या मिश्रधातूपेक्षा अधिक फुगतो, आणि म्हणून त्याला थंडपणी मोठी फट लागते. मेस्त्रींनी चारही पिस्टन मोजून त्यांवर मार्करने १ ते ४ आकडे घातले आणि प्रत्येक सिलिंडर त्या त्या पिस्टनच्या मापाने करायचे ठरवले. फट ठरली ०.०८ मिमी.

दुसऱ्या खेपेला मी दोन ब्लॉक नेले होते, दोन्ही भंगारातले. ते गरम कॉस्टिकच्या टाकीत धुऊन झाल्यावर शेजारच्या फाउंड्रीत चुंबकीय कणांची चाचणी करून तडे तपासले गेले आणि मग सिलिंडरच्या भिंतींची जाडी अल्ट्रासॉनिक गेजने मोजली गेली. ही पायरी आपल्याकडे सर्रास वगळली जाते. ओतकाम करताना साच्यातला गाभा किंचित सरकला तर सिलिंडरची एक बाजू जाड आणि समोरची पातळ होते, आणि बाहेरून पाहून ते कधीच कळत नाही. माझ्या एका ब्लॉकमध्ये चौथ्या सिलिंडरच्या दोन बाजूंत जवळजवळ १ मिमीचा फरक निघाला, आणि पातळ बाजू नेमकी थ्रस्टची, म्हणजे स्फोटानंतर पिस्टन ज्या भिंतीवर दाबला जातो ती. तो ब्लॉक दिसायला अधिक चांगला होता, त्यावर गंजही कमी होता. मेस्त्रींनी तो बाजूला सारला आणि गंजका ब्लॉक घेतला. मूळ ८१वरून थेट ८३ मिमीपर्यंत जाणारे लोक आहेत. सिलिंडरांच्या मध्यरेषांतले अंतर ८८ मिमी असल्याने तिथे दोन बोअरांच्या मध्ये अवघे ५ मिमी उरतात. आम्ही ८२.५वर थांबलो. क्षमता १८४७ घनसेंमी झाली. वीस-पंचवीस घनसेंमीसाठी भिंत पातळ करण्यात मला अर्थ दिसत नाही; टर्बोला थोडी जास्त हवा देऊन ती तूट केव्हाही भरून निघते.

ब्लॉकचे पाण्याचे कप्पे अर्धे भरून घ्यायचे की नाही, यावर आमचे थोडे वाजले. ड्रॅगच्या इंजिनात सिलिंडरांभोवतीच्या या कप्प्यांचा खालचा भाग सिमेंटसारख्या मिश्रणाने भरण्याची पद्धत जुनी आहे. भिंतींना खालून आधार मिळतो आणि बारा सेकंदांत पाण्याची गरज तशी थोडीच असते. अमेरिकेतल्या टॉप फ्युएल वर्गाच्या गाड्यांत तर अ‍ॅल्युमिनियमच्या ठोकळ्यातून कोरलेल्या ब्लॉकला पाण्याचे कप्पेच नसतात, कारण त्यांची शर्यत १००० फुटांची आणि चार सेकंदांच्या आत संपणारी. मेस्त्रींचा आक्षेप मात्र व्यवहारी होता: गाडी लोणावळ्यापर्यंत ट्रकवर नेणार की चालवत? मी ट्रकवर म्हटल्यावर ते तयार झाले. वॉटर पंपाच्या तोंडाच्या खालपर्यंत मिश्रण ओतले गेले, आणि ते आळत असताना मेन कॅप आवळलेल्या आणि वर हेडच्या जागी जाड प्लेट (तिच्याविषयी पुढे) बसवलेली होती, म्हणजे मिश्रण घट्ट होईल ते ब्लॉकच्या ताणलेल्या आकारातच होईल. हे काम बोअरिंगच्या आधीच व्हावे लागते. नंतर केल्यास आळताना भिंती जिथे हलतील तिथे हलतील आणि आधीचे माप वाया जाईल. रोज रस्त्यावर चालणाऱ्या गाडीला हे करू नये. ऑइल तापते, आणि सिग्नलवर उभ्या असलेल्या गाडीला त्याची किंमत लगेच मोजावी लागते.

मेन बेअरिंगांची जागा एका रेषेत आणणे, म्हणजे लाइन होनिंग, हे या वर्कशॉपचे दुबळे अंग. त्यासाठीचे मशीन त्यांच्याकडे नाही. मूळच्या बोल्टऐवजी एआरपी या अमेरिकी कंपनीचे स्टड (नट लावून आवळायचे आटेदार दांडे) घातले की कॅपवर पडणारा ताण बदलतो आणि बेअरिंगची गोल जागा किंचित अंडाकार होते. ती पुन्हा गोल केल्याशिवाय बेअरिंगमधल्या फटीबद्दल बोलण्यात अर्थ नाही. तीन नंबरच्या जागेत स्टड आवळल्यावर उभ्या आणि आडव्या मापात १८ मायक्रॉनचा (०.०१८ मिमीचा) फरक दिसत होता, आणि जर्नल (क्रँकशाफ्टचा बेअरिंगमध्ये फिरणारा भाग) ५४ मिमीचा असताना आम्हाला एकूण फट ०.०५५ मिमी हवी होती, म्हणजे फटीचा तिसरा हिस्सा त्या अंडाकारातच जात होता. ब्लॉक दुसऱ्या एका ठिकाणी पाठवला गेला आणि तिथे तो सव्वीस दिवस पडून राहिला. फोन केला की ‘उद्या’ हे उत्तर ठरलेले. काम अखेर चांगले होऊन आले, परंतु मेस्त्रींनी ही अडचण पहिल्याच दिवशी सांगायला हवी होती, आणि त्यांनी ती सांगितली नाही.

आता ज्या कामासाठी तिथे जावे ते काम. हेडच्या जागी ब्लॉकवर आवळायची टॉर्क प्लेट त्यांनी माझ्यासाठी ५० मिमी जाडीच्या स्टीलमधून करून घेतली, दोन्ही बाजू ग्राइंड करून, चार मोठी भोके पाडून. ती बसवताना मधे जे गॅस्केट इंजिनात वापरायचे त्याच प्रकारचे गॅस्केट घातले, मी आणलेलेच हेड स्टड वापरले, आणि कंपनीने सांगितलेल्या ऑइलने त्यांचे आटे भिजवून, इंजिन जोडताना जेवढा टॉर्क द्यायचा तेवढाच तीन टप्प्यांत दिला. मेन कॅपही त्या वेळी आवळलेल्या होत्या. बोअरिंग ८२.४४पर्यंत झाले आणि उरलेले ०.०६ मिमी दगडांसाठी राखून ठेवले, कारण बोअरिंगचे टूल बिडाचा वरचा थर फाडत जाते आणि तो फाटलेला थर होनिंगने पूर्ण निघाला पाहिजे.

होनिंगच्या आदल्या रात्री पिस्टन, सेटिंग रिंग आणि ब्लॉक एकाच टेबलावर ठेवून दिले होते. हे मला प्रथम कर्मकांड वाटले. एप्रिल महिना होता, दुपारी पत्र्याखाली चांगलेच तापते. हिशेब मांडल्यावर कळले की तापमान दहा अंशांनी वाढले तर ८२.५ मिमीचा बिडाचा बोअर सुमारे ९ मायक्रॉनने आणि अ‍ॅल्युमिनियमचा पिस्टन त्याच्या दुपटीने वाढतो, म्हणजे फट तेवढ्यानेच नऊ मायक्रॉन कमी दिसते. सकाळी मोजलेला पिस्टन आणि दुपारी मोजलेला बोअर यांची जोडी लावणारा माणूस स्वतःच्या नकळत ऐंशी मायक्रॉनच्या फटीत अशी चूक करून बसतो. त्यांनी सकाळी सात वाजता काम सुरू केले आणि दोन सिलिंडर झाल्यावर साडेदहाला थांबवले. उरलेले दोन दुसऱ्या दिवशी सकाळी.

आधी जाड दगड, मग २८०चे, मग ४००चे मोजके फेरे आणि शेवटी ब्रश. अशा क्रमाने खोल रेघा तशाच राहतात आणि त्यांची टोके कापली जाऊन सपाट होतात. रेघांत ऑइल थांबते आणि सपाटीवर रिंग पहिल्याच दिवसापासून बसते. यालाच प्लॅटो होनिंग म्हणतात, आणि त्याचे नाव बहुतेक वर्कशॉपांच्या फलकावर असते. फरक दिसतो तो मधल्या मोजण्यात. दर काही फेऱ्यांनंतर मेस्त्री मशीन थांबवत, फडक्याने बोअर पुसत, गेज आत सोडत आणि ते किंचित मागेपुढे डोलवत काटा जिथून परत फिरतो तो आकडा वाचत. तीन उंचींवर, प्रत्येक उंचीवर चार दिशांनी. सोबतचा मुलगा वहीत लिहून घेत होता. चारही सिलिंडर मिळून ४८ आकडे झाले, आणि प्रत्येक सिलिंडरच्या आकड्यांतली तफावत ४ मायक्रॉनच्या आत होती.

मग त्यांनी मला एक गोष्ट मुद्दाम दाखवली. गेज दुसऱ्या सिलिंडरमध्ये वरून २५ मिमीवर, स्टडच्या रेषेत धरायला लावले आणि मुलाला प्लेटचे नट सोडायला सांगितले. पाना फिरत गेला तसा काटा सरकत गेला, आणि शेवटचा नट सैल झाला तेव्हा तो २२ मायक्रॉन पलीकडे जाऊन थांबला. नट पुन्हा क्रमाने आवळले, काटा परत आला. “बीड रबरागत असतंय बघा. आवळलं की हलतंय, सोडलं की माघारी येतंय. तुमच्या पुण्यातल्या कागदावर हे सुटलेल्या ब्लॉकचं माप हुतं.” मी तो प्रयोग आणखी दोनदा करायला लावला, आणि त्यांनी कुरकुर न करता तो केला. प्लेट काढलेला माझा ब्लॉक आज कोणी मोजला तर तो वाकडा ठरेल; तसा तो ठरायलाच हवा.

डेकचे काम त्या मानाने लवकर उरकले, पण एका ठेचेसह. स्टीलच्या अनेक पत्र्यांचे गॅस्केट वापरायचे तर पृष्ठभाग नुसता सपाट असून भागत नाही, तो पुरेसा गुळगुळीतही लागतो, नाहीतर पत्र्यावरचा पातळ थर बिडातल्या खाचा भरू शकत नाही. पहिल्या कटानंतर नखाला लागतील असे अर्धगोल ओरखडे दिसत होते. मशीनचे डोके किंचित कलले होते. मी बोट ठेवले तेव्हा मेस्त्रींनी वाद घातला नाही. डोके डायलवर सरळ करून, सीबीएन इन्सर्ट (कापणारे अतिकठीण टोक) बदलून त्यांनी ०.०४ मिमीचा आणखी एक हलका कट घेतला आणि त्याचे पैसे लावले नाहीत. दुसरा पृष्ठभाग उत्तम होता. तरीही डेकचा प्रत्येक कट पिस्टनला हेडच्या जवळ नेतो, आणि तो वाया गेलेला ०.०४ मला परत मिळणार नाही.

माझी खरी तक्रार धुलाईबद्दल आहे. ब्लॉक ताब्यात देताना तो रॉकेलने धुऊन, हवा मारून, ऑइल लावून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला होता आणि दिसायला चकचकीत होता. घरी पांढरे सुती फडके ऑइलमध्ये भिजवून बोअरमधून फिरवले तर ते करडे झाले. होनिंगच्या दगडांची भुकटी रेघांत रुतून बसते आणि रॉकेल तिला हलवत नाही. त्याला गरम पाणी, साबण आणि कडक ब्रश लागतो, आणि फडके पांढरे निघेपर्यंत ते पुन्हा पुन्हा करावे लागते. मला चार वेळा करावे लागले. त्याहून गंभीर म्हणजे मुख्य ऑइल गॅलरीच्या टोकाचे बूच काढलेच नव्हते. मी ते काढले तेव्हा आतून चिमूटभर राखाडी चिखल निघाला, जो पहिल्याच मिनिटाला मेन बेअरिंगांत गेला असता. पिस्टनखाली ऑइल उडवणाऱ्या जेटच्या चार भोकांतही तेच. एवढ्या काळजीने मायक्रॉन मोजणारे ठिकाण इतक्या साध्या पायरीवर का घसरते, याचे उत्तर बहुधा ट्रॅक्टरच्या कामात आहे. तिथे इंजिन जोडणारा मेकॅनिक धुणे आपले काम समजतो. मी फोनवर सांगितले, तेव्हा “ते जोडणाऱ्यानं बघायचं असतंय” हे उत्तर आले. मला ते पटलेले नाही. हे परीक्षण वाचून तिथे जाणाऱ्याने ब्लॉक धुतलेला आहे असे मुळीच समजू नये.

वेळ आणि पैसे. सांगितले तीन आठवडे, लागले साडेनऊ. धुणे आणि तपासण्या ३,५०० रुपये, टॉर्क प्लेट ११,०००, लाइन होनिंग ९,०००, बोअरिंग आणि होनिंग ८,०००, डेक ४,५००. एकूण ३६,०००, ज्यात ब्लॉक भरण्याचे साहित्य माझे होते. त्याच वर्कशॉपमध्ये चार सिलिंडरचे साधे रीबोअर तीन हजारांत होते, म्हणून ही रक्कम कोणाला अवाजवी वाटेल. मला ती स्वस्त वाटली. पहिल्या ब्लॉकचे छापील बिल याहून मोठे होते, आणि त्यासोबत मिळालेल्या कागदावर चार आकडे होते. इथे वहीच्या दोन पानांची झेरॉक्स मिळाली, ज्यावर ४८ बोअरचे आकडे, पाच बेअरिंगांची मापे, प्रत्येक पिस्टनचे माप आणि त्या दिवशीचे तापमान लिहिलेले आहे. अक्षर मात्र वाचायला मुलाची मदत लागते.

इंजिन मी स्वतः जोडले. वरच्या रिंगच्या दोन टोकांमधली फट अर्धा मिलिमीटर ठेवली, कारण जास्त दाबाच्या टर्बो इंजिनात रिंग तापून तिची टोके एकमेकांना भिडली तर पिस्टनची वरची कड फुटून येते. पहिल्या दोनशे किलोमीटरनंतर चारही सिलिंडरची गळती ४ ते ६ टक्के होती. हंगामात एकूण ३१ धावा झाल्या, सर्वात चांगली १२.०४ सेकंदांची, आणि त्यात सुरुवातीच्या साठ फुटांत टायर फिरल्यामुळे गेलेला वेळ माझा आहे, ब्लॉकचा नव्हे. धूर नाही, हेड उचलले गेले नाही, ऑइल फिल्टर कापून पाहिला तेव्हा त्यात बेअरिंगचा चुरा आढळला नाही.

हंगाम संपल्यावर इंजिन उतरवून ब्लॉक पुन्हा उद्यमनगरात नेला. मेस्त्रींनी न सांगता आधी प्लेट चढवली, स्टड आवळले आणि मगच गेज हातात घेतले. सर्वाधिक झीज तिसऱ्या सिलिंडरमध्ये, वरच्या भागात, ६ मायक्रॉनची. रेघा चारही बाजूंनी सारख्या दिसत होत्या, चकाकलेले पट्टे कुठेही नव्हते. त्यांनी वहीचे जुने पान काढून नवे आकडे त्याच रकान्यांच्या शेजारी लाल पेनाने लिहिले आणि नव्या रिंगा घालून तोच ब्लॉक पुढच्या हंगामाला वापरा, बोअरला हात लावायची गरज नाही, असे सांगून घेतले फक्त मोजण्याचे पाचशे रुपये.

ज्याला गाडी रोज ऑफिसला न्यायची आहे आणि महिन्याभरात परत हवी आहे, त्याने तिथे जाऊ नये. ज्याला जोडलेले इंजिन तयार हवे आहे, त्यानेही नाही. ते फक्त ब्लॉकचे काम करतात आणि जोडणीच्या चुका त्यांच्या माथी मारलेल्या त्यांना चालत नाहीत. बाकीच्यांनी नोव्हेंबर ते मार्च टाळून जावे, सर्व भाग सोबत न्यावेत आणि लाइन होनिंगचे काय ते पहिल्याच दिवशी विचारून घ्यावे. माझी टॉर्क प्लेट अजून त्यांच्याच भिंतीवर टांगलेली आहे, त्यावर खडूने ‘अक्टव्या’ असे लिहिले आहे. याच इंजिनासाठी कोणाला ती हवी असेल तर वापरू द्यावी, असे मी त्यांना सांगून ठेवले आहे. गॅस्केट मात्र ज्याचे त्याने न्यावे.